कोरी पाठ

बसायला मात्र मला छान यायचं. हसू नका, खो-खोत बसणं ही काही सोपी गोष्ट नाही. दोन खांबांच्या मधे मुलींची ओळ, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं, सगळ्या उकिडव्या, टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली. पाठलाग करणारी मुलगी मागून येणार, पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणणार, की तुम्ही उठून धावायचं आणि ती तुमच्या जागी बसणार. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या नातीला मला सांगावं लागलं, म्हणून इथंही सांगून टाकते. तर ती थाप येईल म्हणून मी आठवीचं निम्मं वर्ष त्या ओळीत बसून काढलं. पावलं मागून यायची, धपधप, अगदी जवळ. पाठ आपोआप ताठ व्हायची. मग ती पावलं पुढं जायची आणि शेजारच्या मुलीच्या पाठीवर थाप पडल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी अजून ओळखीन. मैदानाच्या कडेला चिंच होती. तिच्याकडं बघत बसायचं, पायाला मुंग्या आल्या की अंगठे हलवायचे, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांबरोबर उठून परकर झटकायचा. पळून आल्यासारखा.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्याकाठी, आत. तिथं चौथीपुढं शाळा नव्हती. मधली वर्षं पायपीट करून कशीबशी झाली, आणि आठवीला मला मामाकडं घोटावड्याला ठेवलं. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामा पिंपरीकडच्या एका कारखान्यात लागला होता, सायकलनं जायचा. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी संध्याकाळी निघायचा, आणि आला की जेवून झोपायचा. त्यामुळं त्या घरात हळू बोलायची सवय होती. भांडं ठेवायचं ते हळू, दाराची कडी लावायची ती हळू. मामी माझ्याशी बोलायची त्यापेक्षा चुलीशी जास्त बोलायची. “पेट की गं बाई, किती फुकू तुला,” असं. तांदळाची भाकरी करावी तर तिनंच. पाण्याचा हात लावून तव्यावर टाकली की टम्म फुगायची. सोबत सुकटाची चटणी नाहीतर पावट्याची आमटी. दोघींची ताटं वाढून ती दाराकडं तोंड करून बसायची आणि जेवताना बाहेर बघायची. बाहेर काय, रस्ता. माझ्या गावी जेवायला पंगत असायची, भावंडं एकमेकांच्या ताटात हात घालायची. इथं माझ्या चावण्याचा आवाज मलाच ऐकू यायचा.

आणि एक आवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाताच्या कापणीला, झोडणीला शिवारातून बायकांचं हसणं यायचं. एकीनं काहीतरी बोलायचं आणि सगळ्यांनी एकदम खिदळायचं. मामी जात्यावर असली तर जात्याचा खुंटा धरून थांबायची. “सरूच ती,” म्हणायची. “तिच्याबिगर कोन असं हसत न्हाई.” आणि पुन्हा दळायला लागायची. मी विचारलं होतं एकदा, मामी, आपण का नाही जात? तिनं मूठभर दाणे जात्यात घातले. म्हणाली, “आपली सावड मोडली.”

सावड म्हणजे काय हे आता मारुंजीतल्या आमच्या सोसायटीत कुणाला विचारा, कोणी सांगणार नाही. आज तुम्ही माझ्या शेतात यायचं, उद्या मी तुमच्या. पैशाचा संबंध नाही. दिवसाला दिवस. लावणी, कापणी, झोडणी, सगळं असंच चालायचं. ज्या घरांची सावड, त्यांच्या पोरी एका विहिरीवर, एका वाटेनं शाळेत, एका बाकावर. मामा कारखान्यात लागल्यावर त्याच्याकडं परत द्यायला दिवसच उरला नाही. एकट्या मामीनं घरोघरच्या सावडी फेडायच्या तरी किती? म्हणून एका सालापासून त्यानं मोलानं माणसं लावली. परगावची टोळी यायची, भराभर कापून, झोडून, पोती भरून जायची. त्यानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. पण गावाला ते लागलं. पैसा आला म्हणून माणसं नको झाली, असं लोक म्हणायला लागले, आणि मामीला बोलावणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. समोर आली तर “काय कमळे, बरी हायेस का?” म्हणायचे आणि पुढं जायचे.

आता माझं मी सांगते, पटतं का बघा. वर्गातल्या मुली माझ्याशी वाईट वागत होत्या असं मला आजही वाटत नाही. कुणी चिमटे काढले नाहीत, दप्तर लपवलं नाही. खो देताना त्यांचा हात आपोआप सावडीतल्या पाठीवर पडायचा, इतकंच. मी तुला दिला, तू मला देशील. माझ्याकडून परत काय येणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर खेळाला नवीन बाई आल्या. सूर्यवंशीबाई, कोल्हापूरकडच्या. धिप्पाड, गळ्यात शिट्टी, आणि बोलताना “मी आलो, मी सांगितलो” असं म्हणायच्या. आम्ही पदराआड, म्हणजे पदर कुठला, ओंजळीआड हसायचो. त्यांनी आठवडाभर आमचा खेळ नुसता बघितला. मग एके दिवशी घमेल्यात गेरू कालवून आणला. झाडांच्या बुंध्यांना लावायचा गेरू शाळेत असायचा, तोच. म्हणाल्या, “या गं बाळांनो, सगळ्यांनी तळवे बुडवा.” मुलींना वाटलं, काहीतरी गंमत. लाल हातांनी डाव सुरू झाला. त्या दिवशी सगळ्या खूप हसल्या, कारण प्रत्येक खोला पांढऱ्या ब्लाउजवर पंजा उमटत होता. शिट्टी वाजली. बाई म्हणाल्या, “आता सगळ्याजणी पाठ फिरवून उभ्या राहा.”

शेवंताच्या पाठीवर तर पंज्यावर पंजे होते, पाठ दिसत नव्हती. शेवंता म्हणजे सरूबाईची मुलगी, आमच्या तुकडीत सगळ्यात चपळ, तिच्या शब्दावर सगळ्या हलायच्या. कुणाच्या पाठीवर दोन, कुणाच्या एक. बाई ओळीच्या मागून चालत आल्या आणि माझ्यामागं येऊन थांबल्या. मला दिसत काही नव्हतं. पण सगळ्या मुली माना वळवून बघायला लागल्या ते कळलं. चोळून चोळून धुतलेला माझा पांढराशुभ्र ब्लाउज.

बाईंना वर्गाला काहीतरी दाखवायचं असणार, चांगल्या मनानंच. पण ते माझ्या पाठीवर दाखवायचं होतं, आणि उभी मी होते. इतके दिवस जे फक्त मला माहीत होतं, ते आता सगळ्यांनी बघितलं. घरी गेले तर मामी खूश. गावभर आया पोरींना बोलत होत्या, गेरूचे डाग काही निघत नव्हते, आणि मामी म्हणाली, “आपली पोर कशी, बघा. सगळ्यांत नीटनेटकी.” मी मोरीत जाऊन उगाच पाय धूत बसले.

परवा नात शाळेतून आली. नववीत आहे. खेळाच्या तासाला त्यांना गट पाडून काहीतरी करायला देतात, सगळ्यांनी मिळून करायचं, सगळ्यांना मिळून मार्क. मी विचारलं, तुला घेतलं का गटात? म्हणाली, “घेतलं आजी. मॅमनीच टाकलं. पण बोललं कोणी नाही.” आणि मोबाइल घेऊन गॅलरीत जाऊन बसली. भाजी तशीच ठेवून मी हे लिहायला घेतलं ते त्यामुळं.

तर सूर्यवंशीबाईंनीही तेच केलं. दुसऱ्या तासाला सांगितलं, ज्या बाजूच्या एका जरी मुलीची पाठ कोरी राहील, त्या बाजूचा डाव धरणार नाही. “आणि जिला येत नाही तिला मी शिकवणार नाही. तुम्ही शिकवायचं.” डाव सुरू झाला तशी शेवंता धावत आली आणि माझ्या पाठीत असा दणका घातला की मी पुढं झेपावले. “खो! घे बाई. मामाला सांग तुझ्या, आमी दिला म्हणून.”

इतकी वाट बघितली होती मी त्या थापेची. आणि उठले तर पाय बधिर. एक पाऊल टाकलं, दुसरं कुठं टाकायचं ते कळेना, वळले ती उलट्या दिशेला. फाऊल. पुन्हा खो, पुन्हा फाऊल. तिसऱ्यांदा परकरात पाय अडकून खांबाजवळ पडले. समोरच्या बाजूच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. आमच्या बाजूची एकही हसली नाही, ते जास्त लागलं. पाण्याच्या टाकीवर शेवंता तोंड धूत म्हणाली, “तुज्यापायी हरलो. बसत व्हतीस तेच बरं व्हतं.”

का कोण जाणे, त्या दिवशी मी गप्प बसले नाही. म्हणाले, “मग शिकव की मला उठायला.”

“मी? आन् मला काय त्याचं?”

माझ्याकडं काय होतं द्यायला? मी खूप विचार करून बोलले असं नाही. तोंडातून आलं, “तुमची झोडणी कदी हाय?”

“ऐतवारी.”

“मी येते.”

शेवंता तोंड पुसायची थांबली. “तुजी मामी धाडंल?”

“शिकायला जाते म्हणून सांगीन.”

“बघ हां,” ती म्हणाली. “आलीस तर राबावं लागंल. पावनी म्हनून बसवनार न्हाई कोन.”

रविवारी मी मामीला सांगितलं, शेवंताकडं खो-खो शिकायला जाते. ती भाकरी थापत होती, हात थांबला, मग पुन्हा थापायला लागली. शेवंताच्या खळ्यावर पोचले तर आंबेमोहराच्या पेंढ्यांचा ढीग आणि तो वास, मला एकदम गावाला घेऊन गेला. बायका ओळीनं उभ्या, पेंढी उचलायची, फळीवर आपटायची, दाणे सांडायचे, पेंढी मागं टाकायची. एक म्हातारी कपाळावर हात धरून म्हणाली, “ही कुनाची गं?” शेवंता म्हणाली, “कमळामावशीची भाची.” सगळ्या फळ्या क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता परत पाठवतात. मग सरूबाई, ती हसणारी, तिनंच एक पेंढी माझ्या हातात दिली. “झोड गं बाय. कमळीची हाय तर हात चालत असतील.”

हात चालत होते. गावी लहानपणापासून केलं होतं. दुपारी तिथंच पंगत बसली. ऊन ऊन भात, वर आमटी, आणि सरूबाई एकेकीची नक्कल करत होती. मी पोटभर हसले. घास घशात अडकेपर्यंत हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की हा आवाज आत्ता मामाच्या घरापर्यंत जातोय. मामी जातं थांबवून ऐकत असेल. त्यात माझा आवाज तिला ओळखू येईल का?

जेवण झाल्यावर पेंढ्यावर शेवंतानं मला शिकवलं. “टाचंवर बसतीस म्हनून मुंग्या येत्यात. वजन चवड्यावर घे. एक पाय थोडा म्होरं. आन् पाठ अशी ताठ नको गं ठेवू, मार खायला बसल्यावानी. हलकी ठेव.” मागून येऊन ती हळूच पाठीला हात लावायची, “खो,” आणि मी उठायचे. पुन्हा. पुन्हा. म्हातारी ओरडली, “पेंढा इस्कटताय का गं पोरींनो!” तरी आम्ही थांबलो नाही.

इथं माझी एक चूक झाली. माझ्या डोक्यात हिशेब मिटला होता. मी राबले, शेवंतानं शिकवलं. पण सावडीत पोरी-पोरींचा हिशेब नसतो, घराचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते, तेवढ्यात ओट्याशी सरूबाई आणि शेवंता उभ्या. डोईला फडकी बांधून, कामाला आल्यासारख्या.

“कमळे,” सरूबाई म्हणाली, “काल तुज्या घरचा दिस आमच्यात आला. आज मी आले. काय हाय काम?”

मामी माझ्याकडं बघायला लागली. मग तिच्याकडं. “मी न्हाई धाडली तिला कामाला.”

“नसंल धाडली. राबली तर खरी.”

“आमचं झोडून झालं,” मामी म्हणाली. “मानसं लावली व्हती.”

ते ‘माणसं लावली’ म्हणताना तिचा आवाज कसा झाला ते मला लिहिता येत नाही. सरूबाईनं अंगणात नजर फिरवली. झाडून लख्ख केलेलं खळं, रचलेला पेंढा, भरलेली कणगी. हात लावायला काही ठेवलंच नव्हतं त्या टोळीनं.

“मग आता? दिस अंगावं ठिवून कशी जाऊ?”

“जा तशीच,” मामी म्हणाली आणि आत गेली.

शेवंतानं माझ्याकडं बघितलंही नाही. दोघी रस्त्याला लागल्या. मला वाटलं, झालं, संपलं. मामी आता मला गावी धाडणार, आणि शाळेत पुन्हा ती चिंच आहेच. मामी दिवसभर बोलली नाही. चुलीशीसुद्धा नाही.

पुढच्या तासाला बाईंनी पुन्हा घमेलं आणलं. मी माझ्या जागेवर बसले. वजन चवड्यावर, एक पाय पुढं. पाठ हलकी ठेवायची होती, पण ती काही हलकी होईना. पावलं आली, धपधप. पुढं गेली. दुसरीची आली, पुढं गेली. मी चिंचेकडं बघायला लागले. आणि मग कुणीतरी थांबलं. दणका नव्हता तो. खळ्यावर लावायची तसा हात, दोन खांद्यांच्या मधे, पूर्ण पंजा. “खो, सिंधे.”

मी उठले. बस, उठले आणि पळाले. कुणी बाद झालं का, कोण जिंकलं, मला खरंच आठवत नाही. नंतरच्या डावांत बाकीच्या मुलींनी मला सारखा खो दिला असंही नाही. कधी द्यायच्या, कधी विसरायच्या. ओळीत बसल्यावर मी पुष्कळदा एकटीच असायचे. नववीनंतर माझं लग्न झालं, शाळा सुटली. त्यापुढचं जे काही वाचायला, लिहायला शिकले ते आपलं आपण. शेवंता आणि मी फार मोठ्या मैत्रिणी झालो नाही. पण तो एक हात मला नीट ठाऊक आहे.

संध्याकाळी मामीनं ब्लाउज धुवायला मागितला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. विहिरीच्या दगडावर तिनं तो ओला करून पसरला, साबण हातात घेतला आणि थांबली. गेरूचा पंजा स्वच्छ दिसत होता, पाचही बोटं.

“कुनाचा गं?”

“शेवंताचा.”

मामी खाली वाकली. तिनं आपला ओला हात त्या पंज्यावर ठेवला, बोटावर बोट. तिचा हात मोठा होता, बाहेर येत होता. मी तिच्या पाठीमागं उभी होते. चोळीतली, वाकलेली ती पाठ मी रोज बघत होते आणि कधी बघितलीच नव्हती.

“सिंधे,” ती वळून न बघता म्हणाली, “सरूकडं आपला एक दिस हाय अजून. व्हय ना?”

“व्हय.”

“लावनीला सांगितलं तर यील का गं ती?”

मला काय माहीत? लावणीला अजून सगळा उन्हाळा जायचा होता. मी म्हणाले, “यील की.”

मामीनं साबण बाजूला ठेवला. ब्लाउज दगडावर आपटला नाही, पंज्याला धक्का न लावता कडेकडेनं खळबळला, हलक्या हातानं पिळला आणि घरी येऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. मग दोन पावलं मागं सरून तिनं बघितलं, परत पुढं गेली, आणि तो उलटा फिरवून पाठ रस्त्याकडं केली.